ज्याचं त्याचं पाणी

केमरर, वायोमिंग
९ मार्च

वेंडेल,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता कचऱ्यात टाकणार, हे ठाऊक होतं. म्हणून दातांच्या डॉक्टरकडचं छापील पाकीट मागून आणलं. फसलास ना? आता फसलाच आहेस तर पुढचंही वाच.

बाबांबद्दल काही लिहायचं नाहीये. माशांबद्दल लिहायचं आहे.

आपल्या राज्यात एक टूम आहे. कटथ्रोटच्या चार जाती पकडायच्या, प्रत्येकीचा फोटो पाठवायचा, की सरकार प्रमाणपत्र देतं. टोलेडोत राहून विसरला असशील म्हणून सांगते, कटथ्रोट म्हणजे गळ्याखाली लाल चीर असलेला आपला ट्राउट. अट एकच आहे. मासा ज्या खोऱ्यातला, त्याच खोऱ्यात धरलेला पाहिजे. बेअर नदीचा मासा कुणी दुसरीकडे नेऊन सोडला आणि तिथे तो तुझ्या गळाला लागला, तर जात खरी असली तरी मासा बाद. ज्याचं त्याचं पाणी.

बेत असा आहे. आधी सॉलोमन ओढा, म्हणजे ग्रीन नदीच्या बाजूचा मासा. मग तीन खोऱ्यांच्या माथ्यावरून पलीकडे स्मिथ्स फोर्कला उतरायचं, तिथे बेअरचा. परत माथ्यावर येऊन ग्रेज नदीच्या काठाकाठाने खाली, तिथे स्नेकचा, काळी मिरी भरडून भुरभुरावी तसे बारीक ठिपके असलेला. आणि शेवटी जॅक्सनवरून डुबॉइसला, तिथे यलोस्टोनचा. माथा आठवतो का? तीन बाजूंना तीन पाणी जातात तिथे तू लहानपणी गोल फिरत लघवी केली होतीस, तिन्ही नद्यांना सारखी वाटणी म्हणून. बाबा हसून हसून खाली बसले होते.

तुला का बोलावते? कारण अस्वलं. डुबॉइसच्या वरच्या अंगाला ग्रिझली आहेत आणि एकटीने जाऊ नकोस असं जो तो सांगतो. तू माझ्यापेक्षा हळू पळतोस, तेव्हा तू बरोबर असलास की मला काळजी नाही. शिवाय फोटो काढायला कुणीतरी लागतंच.

निवृत्त झाल्यापासून घर मला खायला उठतं. बर्फ पडायला लागला की पाय आपोआप बुटांत जातात, आणि मग आठवतं की बर्फ काढायची गाडी आता त्या पेटिटचा जावई चालवतो. चालवतो कसला, ढकलतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरलेत आणि मी उभ्याने जेवते. रस्ता जुलैशिवाय उघडत नाही. तोवर काय करू, तूच सांग.

नोला

२ एप्रिल

वेंडेल,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला टोलेडोचा पूल आणि दुसऱ्या बाजूला चार शब्द. 'विचार करतो. सॉलोमन नाही.' शब्दांना काय तिकडे रेशन आहे?

सॉलोमन का नाही? ग्रीनच्या बाजूला दुसरे ओढे आहेत, कबूल. पण मला सॉलोमनच हवा आहे आणि का हवा ते तुला पक्कं ठाऊक आहे. त्या ओढ्यात आज कटथ्रोट असेल तर तो माझ्या घोड्यांच्या पाठीवरून आलेला आहे.

बाबांबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते. बाबांनी तरुणपणी डब्यातून ब्रूक ट्राउट आणून सॉलोमनमध्ये सोडले, खाणीतली अर्धी माणसं तेच करत होती. ते मासे पूर्वेकडचे. त्यांनी वाढून वाढून इथल्या माशाला हुसकून लावलं. मग सरकारने ठरवलं की ओढ्यात औषध घालायचं, सगळे मासे मारायचे आणि मूळचा मासा परत आणायचा. औषधाची पिंपं वर न्यायला घोडे हवे होते. घोडे माझ्याकडे होते. मी गेले. बाबा बांधावर उभे होते, आठवतं? "पोरी, त्याच माशांवर तुला वाढवली. माझ्या ताटात विष कालवतेस?" मी म्हटलं, "बाबा, ताट तुमचं नव्हतं." ते एवढंच म्हणाले, "मग कुणाचं?" आणि चालू लागले. दुपारी मासे उलटे होऊन वर आले आणि खाली, औषधाचा जोर मारायला जांभळी पूड टाकतात तिथे, पाणी वांग्याच्या रंगाचं झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा गेले. चर्चच्या तळघरात जेवणाची पानं मांडलेली असताना सगळ्यांदेखत तू मला विष घालणारी बाई म्हणालास. त्यानंतर तू फिरकला नाहीस. ठीक आहे. मी त्या दिवशीही चुकले नव्हते आणि आजही तसं वाटत नाही. पण भाऊ एकच आहे, त्याला काय करणार?

बेत जरा बदलला आहे. आता आधी डुबॉइस, मग उलट्या दिशेने खाली. उद्या परत बदलेन बहुधा. परवा गाडी मागे घेताना शेजारच्या मिसेस ओडेलची टपालपेटी आडवी केली. ऊन डोळ्यांवर आलं. ती म्हणते, ऊन नव्हतंच. तिला काय कळतंय.

नोला

२१ मे

वेंडेल,

दोन पानं! मी अंगणात जाऊन उन्हात धरून वाचली. तीन ओढ्यांना येतोस, सॉलोमनला येत नाहीस, कारण विचारू नको म्हणतोस. हटवादी आहेस. बाबांचा मुलगा शोभतोस.

आणि शेवटी हळूच विचारलंस, 'तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? ओळी खाली का घसरतात?'

डोळे, वेंडेल. दोन्ही. सॉल्ट लेकच्या डॉक्टरने पडद्याच्या मधल्या भागाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तू समोर उभा राहिलास तर नाक गायब आणि कान जागच्या जागी. तुझ्या बाबतीत तोटा कमीच म्हणायचा.

डॉक्टर पोरगेला आहे. म्हणाला, "आता गाडी कुणीतरी दुसरं चालवत असेल ना?"

मी म्हटलं, "मी या काउंटीचे रस्ते बर्फात डोळे मिटून चालवलेत."

"तेच म्हणतोय मी, मॅम," तो म्हणाला, "डोळे मिटूनच चाललंय."

सप्टेंबरात वाढदिवसाला लायसन्स संपतं. खिडकीशी डोळे तपासतात. मी तिथे पास होणार नाही. पाठ करून जावं असंही मनात आलं, पण अक्षरं दर वेळी बदलतात म्हणे.

तर अस्वलाचं कारण खोटं होतं. अस्वलाला मी भीत नाही. या घराला भिते. मिसेस ओडेल मला आठवड्यातून एकदा दुकानात नेऊन आणेल आणि रस्ताभर तिच्या गुडघ्याची कहाणी सांगेल, या विचाराने मला आतून हुडहुडी भरते. हा एक उन्हाळा माझा आहे. मला त्या चारही माशांचे ठिपके बघायचे आहेत. यलोस्टोनचे मोठे, शेपटीकडे गर्दी केलेले, आणि स्नेकचे बारीक. यंदा कडेने का होईना, दिसतील. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? आणि जे दिसणार नाहीत ते मला कुणीतरी सांगायला हवं. मिसेस ओडेल नको.

ये रे वेंड्या. जुलैत रस्ता उघडेल.

नोला

१४ जुलै

वेंडेल,

तू ऑगस्ट म्हणालास. मला ऑगस्टपर्यंत बसवलं नाही.

मी एकटी सॉलोमनला जाऊन आले. ओरडू नकोस. रस्त्याची कड मला स्वच्छ दिसते, कडेकडेने गेले, आणि त्या रस्त्यावर मेंढ्यांशिवाय कोण असतं? मेंढ्या आपणहून बाजूला झाल्या. गाडी बांधापाशी लावली, तोच बांध, खालचे मासे वर चढू नयेत म्हणून दगडांनी उंच केलेला. तिथून वर चालत गेले.

दोरी टाकायला डोळे लागत नाहीत हे मला माहीत नव्हतं. मनगटाला सगळं आठवतं. वाकणावर पाणी खोल आहे तिथे झटका बसला. मासा हातात आला तेव्हा मी रडले, सांगून टाकते. गार, गुळगुळीत, अंग आवळणारा. पोटाखाली लाल काहीतरी होतं, कडेने दिसलं मला. म्हटलं, हीच ती चीर. फोटो काढला आणि हळूच पाण्यात सोडला. येताना गाडीत मोठमोठ्याने गात होते, आणि मी कशी गाते ते तू जाणतोस.

तशीच ऑरिन पीककडे गेले. गळ, दोऱ्या, गळाला लावायच्या खोट्या माश्या विकणारा, मुख्य रस्त्यावरचा. प्रमाणपत्राचे फोटो तोच पाठवून देतो. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "बघ. सॉलोमनचा. माझा."

ऑरिनने कॅमेरा जवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला. एरवी त्याचं तोंड बंद करायला बूच लागतं.

"काय झालं? फोटो हलला का?"

"फोटो चांगलाय, नोला."

"मग?"

"हा ब्रूक ट्राउट आहे. परांना पांढरी किनार आहे बघ. ठिपके फिके आणि अंग गडद. कटथ्रोटचं नेमकं उलट असतं."

"पोट लाल होतं."

"ब्रूकचंही असतं ना बाई, पोट. चीर गळ्याखाली असते." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू बांधाच्या खाली होतीस का? खाली असतात ते."

मी खाली नव्हते. बांधाच्या खूप वर होते. तिथे तो मासा पोहत जाऊ शकत नाही. कुणीतरी तो उचलून नेला असेल तरच.

ऑरिन म्हणाला, "हे कळवावं लागेल." मी म्हटलं, "थोडं थांब." त्याने विचारलं नाही कशासाठी.

घरी येऊन नकाशांवर डोकं टेकून बसले. जिने आयुष्यभर हे मासे तळून खाल्ले तिला स्वतःच्या हातातला मासा कळला नाही, याची लाज वाटत होती. मग हळूहळू दुसरं सुचलं. बाबांच्या दफनाच्या दिवशी तू जेवणाला उशिरा आलास. तुझी पँट मांडीपर्यंत ओली होती. मावशीने विचारलं तर म्हणालास, वाटेत गाडी धुतली. काळा सूट घालून कोण गाडी धुतं रे?

एकच विचारते. तू होतास का?

नोला

२७ जुलै

वेंडेल,

मी फोन आपटला, म्हणून लिहिते. आपटल्यावर परत उचलून कानाला लावला होता, पण तू गेला होतास.

इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिला शब्द काय, तर "होय."

"होय काय?"

"मी होतो. शेजारच्या ओढ्यातून धरले. बर्फाच्या पेटीत पाणी भरून नेले."

"कशासाठी?"

"बाबांनी सांगितलं. दवाखान्यात. माझे मासे परत सोड म्हणाले."

"आणि मला कुणी काही बोललं नाही!"

"ते म्हणाले नोलाला सांगू नकोस. तिला खोटं बोलता येत नाही, ती सरळ जाऊन सांगून टाकेल."

मग तू आणखी एक बोललास, आणि मी फोन आपटला.

आता ऐक. तुझ्यावर चिडले आहे ते आधी माशांसाठी. ते इथले मासे मी पिंपांसारखेच वर नेले होते, पिशव्यांतून, बोटाएवढे, घोड्याला हळू चालवत. बाबांच्या माशांनी त्यांचं काय केलं असेल ते मला माहीत आहे. माझ्या हातून आयुष्यात एवढी एकच गोष्ट झाली होती जी मी गेल्यावरही राहिली असती. रस्त्यावरचा बर्फ काय, दुसऱ्या दिवशी परत पडतो.

दुसरं, तू ओल्या पँटने मला शिव्या दिल्यास. सगळ्या गावासमोर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आणि तिसरं सगळ्यात लागलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू माझा तिरस्कार करतोस. त्यावर मी माझं मन घट्ट करून घेतलं होतं. आणि तू फोनवर म्हणतोस, "तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती, नोला. दर वर्षी वाटायचं, आता तिला तो मासा लागला असेल." म्हणजे तू रागाने दूर नव्हतास, लाजेने होतास. अरे गाढवा, राग असता तर मी काय ते उत्तर दिलं असतं. लाजेपायी माणूस फुकट घालवलास की रे. मुलांची लग्नं झाली तुझ्या, मला फोटो बघायला मिळाले नाहीत, आणि आता मिळाले तरी मधले चेहरे दिसणार नाहीत.

ऑरिन रोज दुकानाच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघतो, पण विचारत नाही. मी गप्प राहिले तर बाबांचे मासे राहतील आणि तुझ्यामाझ्यात मोडलेलं निदान आणखी मोडणार नाही. बोलले तर ओढ्यात पुन्हा औषध पडेल. मी दिवसभर घरात येरझारा घालते. मिसेस ओडेल काचेतून बघते आणि तिला वाटतं माझं काहीतरी हरवलंय.

नोला

१६ ऑगस्ट

वेंडेल,

बाबांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी जाऊन सांगितलं.

मत्स्य खात्याच्या कार्यालयात एक तरुण बाई होती. मी म्हटलं, सॉलोमनला बांधाच्या वर ब्रूक ट्राउट आहेत. तिचं तोंड एवढंसं झालं. कुणी सोडले असतील, असा तिने अंदाज केला, पण नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर काय केलं असतं? रात्रंदिवस तोच विचार करून गेले होते आणि उत्तर सापडलं नव्हतं. देव माझी परीक्षा अर्धीच घेतो.

मग त्यांनी वर जाऊन पाहिलं. ब्रूकच ब्रूक. आपला मासा अगदी वरच्या झऱ्यांपाशी उरलाय, जिथे उडी मारून जावं लागतं. पण उरलाय! त्यांनी तिथले धरून वेगळ्या टाक्यांत ठेवलेत, पाणी शुद्ध झालं की तेच परत सोडतील. पलीकडच्या ओढ्यासाठी माणसं आणि पिंपं या वर्षी आलेलीच आहेत, त्यात सॉलोमनही उरकून घेणार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाणी उतरल्यावर. घोडेवाले हवे आहेत. माझे घोडे कधीच विकले, पण पेटिटकडे दोन खेचरं आहेत.

पिंपं वाहणाऱ्यांत मी दोन नावं दिली आहेत. झुपान आणि झुपान, आपलं आडनाव दोनदा.

तू म्हणशील, बाबांचा शब्द. वेंड्या, तू तो पाळलास. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही, ते मलाही म्हणवलं नसतं, आणि म्हणूनच त्यांनी मला विचारलं नाही. तुझा शब्द पुरा झाला. आता माझ्याबरोबर पिंप उचल. बाबा वरून बघून काय म्हणतील ते म्हणू देत, त्यांना आपल्या दोघांनाही एकदम बोलावं लागेल.

सॉलोमनचा मासा आपल्या दोघांच्याही नशिबात आता नाही. ग्रीनच्या बाजूचा दुसऱ्या ओढ्यात धरू, तुला हवं होतं तसंच. मग माथा, मग बेअर, स्नेक, यलोस्टोन. रस्ता लांबचा आहे. मी तुला माफ केलेलं नाही. ते गाडीत बघू.

येतोस की नाही, ते कार्डावर एका शब्दात कळव. तुला जमतं ते.

नोला

४ सप्टेंबर
(दारावर चिकटवलेली)

वेंडेल,

बेल वाजवू नकोस, घरात कुणी नाही. कार्ड मिळालं. 'येतो' एवढा मोठा लिहिलास की मला चष्म्याशिवाय वाचता आला.

कॉफी थर्मासमध्ये आहे, अक्रोड भरलेली पोटित्सा, आपल्या घरची गोड पाव-गुंडाळी, डब्यात आहे, दोन्ही गाडीत ठेवलंय. दोन्ही गळकाठ्या मागे आहेत. काल लायसन्सच्या खिडकीशी जाऊन आले. वाढदिवसापर्यंत थांबण्यात काय अर्थ होता? तिथल्या पोरीने वरच्या ओळीतलं अक्षर विचारलं. मी म्हटलं, "कडेला धर, सांगते." ती हसली नाही. मी लायसन्स तिच्या हातात देऊन आले.

फाटकापाशी ये. मी गाडीत आहे, शेजारच्या सीटवर. या गाडीत या बाजूने मी कधी बसले नव्हते, इथून रस्ता वेगळाच दिसतो. इंजिन मात्र मीच चालू करून ठेवलंय.

लवकर ये. मला बसवत नाही.

नोला